पाणी, पोशाख आणि नकार : सवयी बदलण्याचा आपला इतिहास

अस्पृश्य अस्वच्छ राहतात म्हणून त्यांना दूर ठेवले जाते, हा युक्तिवाद फार जुना आहे आणि तो अजून मेलेला नाही. पूर्वी तो उघडपणे मांडला जाई. आज तो आरोग्य, शिस्त, नागरी जाणीव अशा शब्दांआडून येतो. वस्तीत घाण आहे, कारण वस्तीतल्या लोकांना सवयी नाहीत. मुले आजारी पडतात, कारण आया अडाणी आहेत. घर दरिद्री आहे, कारण बाप पितो. कारणे नेहमी झोपडीच्या आतच शोधली जातात. झोपडी कुणी गावाच्या खालच्या अंगाला ढकलली, नळ कुठल्या आळीपर्यंत आला आणि कुठे थांबला, गटार कुणाच्या दारातून वाहते, हे प्रश्न उपदेश करणाऱ्यांच्या यादीत नसतात.

या युक्तिवादाला उत्तर देताना आपल्यातलेही काही कार्यकर्ते दुसऱ्या टोकाला जातात. सवयींचा विषय काढणे म्हणजे शोषकांच्या सुरात सूर मिसळणे, व्यवस्था बदलली की सवयी आपोआप बदलतील, असे ते मानतात. आपला इतिहास या दोन्ही भूमिकांना दुजोरा देत नाही. महाराष्ट्रातील दलितांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणे, नेसणे, बोलणे, मुलांना वाढवणे यांत जो बदल घडवून आणला, त्याएवढा मोठा आणि वेगवान बदल याच प्रदेशातील दुसऱ्या एखाद्या समाजात झाल्याचे सहसा आढळत नाही. तो कुणाच्या उपदेशाने झाला नाही आणि आपोआपही झाला नाही. तो हक्काच्या लढ्याचा भाग म्हणून झाला आणि त्याची किंमत मोजून झाला. हा क्रम नीट समजून घेणे आजच्या कार्यकर्त्याला आवश्यक आहे, म्हणून हा लेख.

१

मृतमांसाहारापासून सुरुवात करू, कारण आपल्याला हिणवण्यासाठी सर्वात जास्त वापरली गेलेली गोष्ट तीच आहे.

महाराने मेलेले ढोर खाल्ले, ही त्याची आवड नव्हती. गावगाड्यात मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेणे हे त्याच्यावर लादलेले काम होते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने या जुन्या चाकरीला सरकारी कागदाचा आधारही दिला. सरकारी टपाल पोहोचवणे, पाटलामागे धावणे, सारा गोळा करताना हजर राहणे, वेशीवर राखण करणे, मयताचा सांगावा घेऊन परगावी जाणे, लाकडे फोडणे आणि मेलेली गुरे ओढणे, अशी ही कामांची न संपणारी यादी. मोबदल्यात थोडी इनाम जमीन, सुगीतले बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. इनामाचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एवढेसे झाले, की त्यावर एका कुटुंबाचेही पोट भरेना. बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर. अशा घरात मेलेल्या ढोराचे मांस हाच काय तो पोटभर जेवणाचा दिवस. उरलेल्या मांसाच्या चान्या करून वाळवायच्या आणि पावसाळ्यात पुरवून खायच्या. ढोर रोगाने मेले की म्हातारपणाने, याची चौकशी करण्याची चैन भुकेला परवडत नाही.

म्हणजे आधी काम लादले गेले, मग त्या कामाचा मोबदला म्हणून तेच मांस पदरात टाकले गेले, आणि शेवटी ते खातात म्हणून ते अस्पृश्य, असा उलटा न्याय लावला गेला. हा न्याय लावणाऱ्यांच्या गोठ्यातलीच ती ढोरे होती. ती पुरण्याचे कष्ट त्यांनी स्वतः घेतले असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आजीने तिच्या लहानपणच्या चान्यांची गोष्ट मला सांगितली, ती शरमेने नाही की कौतुकानेही नाही. दुष्काळात विहीर किती खोल गेली होती हे सांगावे, तशी सांगितली. कॉलेजात हा भाग शिकवताना मात्र आपलीच मुले मान खाली घालतात. एका विद्यार्थ्याने तासानंतर येऊन विचारले, “सर, हे वर्गात सांगायलाच पाहिजे का?” त्याच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकातच आहे. लाज ज्याची त्याला परत करायची असेल, तर हिशोब उघड मांडावा लागतो.

२

या सवयींविरुद्ध आपल्यातूनच आवाज उठला तो महाडच्याही आधी. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वच्छतेचे व्याख्यान देण्याआधी त्यांनी पाणी दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून विटाळाच्या कल्पनेलाच आव्हान दिले. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुली देवाला सोडण्याच्या, मुरळ्या करण्याच्या प्रथेविरुद्ध लेखणी चालवली. नागपूरकडे किसन फागोजी बनसोडे मुलींच्या शिक्षणासाठी झटत होते.

ही माणसे आकाशातून पडलेली नव्हती. पलटणीची नोकरी, रेल्वे, गिरण्या, गोद्या यांनी गावगाड्याबाहेर रोख पगाराची थोडी जागा निर्माण केली होती. ज्याला पगार मिळतो त्याला पडीच्या मांसावर जगावे लागत नाही, आणि ज्याने पलटणीत गणवेश घातला आहे त्याला अंगावरच्या चिंध्या देवाने दिल्या असे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज करण्यात वलंगकर पुढे होते, त्याचे कारण हेच. नोकरी गेली तर माणूस पुन्हा वेशीवर जाऊन बसेल, हे त्यांना दिसत होते.

३

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पाणवठा आणि दवाखाना एकाच ठरावात आहेत, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. चवदार तळ्याचे पाणी मुसलमान, ख्रिस्ती आणि गुरेढोरे पीत होती. अस्पृश्य पीत नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हा प्रसंग प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु त्याच परिषदेत आणखी काय झाले, याची चर्चा कमी होते. बाबासाहेबांनी लोकांना मृतमांस सोडण्यास, शिळे तुकडे मागणे थांबवण्यास आणि मुलांना शिकवण्यास सांगितले. परिषदेच्या ठरावांत सवर्णांना आवाहन होते की त्यांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत. आणि सरकारकडे मागणी होती की मृतमांसाहारास कायद्याने बंदी घालावी, दारूबंदी करावी, प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे, वसतिगृहांना मदत द्यावी.

हे ठराव एकत्र वाचले पाहिजेत. एका हाताने आपल्या माणसांकडून बदल मागितला आहे आणि दुसऱ्या हाताने गावाकडून व सरकारकडून. “आधी तुम्ही स्वच्छ व्हा, मग हक्कांचे पाहू” ही भाषा त्यात नाही. “आधी हक्क द्या, मग आम्ही सवयींचे पाहू” हीही भाषा नाही. सकाळी मृतमांस सोडण्याचा निश्चय आणि त्याच परिषदेत तळ्याचे पाणी. दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच होता, की तुम्ही आम्हांला जे ठरवले आहे ते आम्ही राहणार नाही.

सवर्णांचे उत्तर काय होते? परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. आणि मग तळ्याचे शुद्धीकरण झाले. १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र घालून ते माणसाच्या स्पर्शापासून शुद्ध केले गेले. अस्पृश्यता आणि अस्वच्छता यांचा संबंध काय, असे ज्याला विचारायचे असेल त्याला हा एक प्रसंग सांगावा. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा संबंध जातीशी आहे, दुसऱ्याचा पाण्याशी. आपल्या लोकांनी स्वच्छतेची मागणी केली. त्यांना शुद्धतेने उत्तर मिळाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली. कोर्टाच्या मनाईहुकुमामुळे तळ्यावर जाणे स्थगित ठेवावे लागले, पण २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत बोलले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यात आणि कोपरापर्यंत घातलेले कथिलाचे व चांदीचे जड दागिने, ही अस्पृश्यतेची ओळखचिन्हे आहेत, ती टाका, असे त्यांनी सांगितले. घरात मृतमांस शिजू देऊ नका, मुलींना शिकवा, दारू पिऊन येणाऱ्याला जेवण वाढू नका, असेही सांगितले. स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगडे पायघोळ नेसायला सुरुवात केली, असे चळवळीच्या आठवणींत सांगितले जाते.

लुगड्याची लांबी ही बाहेरच्या माणसाला क्षुल्लक बाब वाटेल. परंतु गावात कुणी कसे नेसावे, कुणी कोणता धातू अंगावर घालावा, हे गाव ठरवत असे. दूरवरून चालत येणारी बाई कोणत्या जातीची आहे, हे तिच्या लुगड्यावरून कळले पाहिजे, असा तो नियम. तो नियम एका बाईने मोडला तर ती उद्धट ठरली असती. शेकडो बायांनी एकदम मोडला, तेव्हा तो इतिहास झाला. एकट्याने बदललेली सवय आणि समूहाने बदललेली सवय यांत हा फरक आहे.

४

आता किमतीचा विचार करू. मृतमांस सोडायचे म्हणजे ढोर ओढणेही सोडायचे. ढोर ओढणे सोडले की गावकीचा रोष आला. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे वर्णन आहे. अस्पृश्यांनी साधा हक्क बजावला, की त्यांची गावातली वाट बंद होते, वाणी मीठमिरची विकत नाही, कसायला दिलेली जमीन काढून घेतली जाते. दंगलीपेक्षा हे हत्यार जास्त परिणामकारक होते, कारण त्याला पोलीस लागत नाहीत आणि त्याचा पुरावाही उरत नाही.

या काळात मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे आर्थिक नुकसान कसे होते, याचे हिशोबही मांडले गेले. कातडे, शिंगे, हाडे, मांस यांचे वर्षाला इतके रुपये बुडतात, असा तो कळवळा. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ‘केसरी’तील अशा हिशोबाची आठवण काढली आणि त्याचा खरपूस समाचार घेतला. फायदा एवढा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, या प्रश्नाला हिशोब मांडणाऱ्यांकडे उत्तर नव्हते.

मग एवढा तोटा सोसून लोक टिकले कसे? मला तीन कारणे दिसतात. पहिले, निर्णय सामुदायिक होता. सभेत हात वर करून ठराव होई आणि तो मोडणाऱ्याला जातीचे पंच दंड करीत. दुसरे, ही गोष्ट लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत गेली. भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला मृतमांस, दारू, शाळा, वतन या विषयांवर हसवत, चिमटे काढत विचार करायला लावणारी ती शाळाच होती. तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे कारण स्त्रिया. चूल त्यांच्या हातात होती. ढोराचे मांस घरात आले तरी ते शिजणार की नाही, हे बाई ठरवू शकत होती. तिने नाही म्हटले आणि त्या रात्री स्वतःही उपाशी राहिली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये त्या काळच्या बाईच्या उपासमारीचे, विशेषतः बाळंतिणीच्या भुकेचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर या नकाराचे वजन कळते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात या स्त्रियांची नोंद केली नसती, तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात त्या ‘उपस्थित महिला’ एवढ्याच राहिल्या असत्या.

वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले, पण ते तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. चवदार तळ्याचा उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे पाणी प्यायल्यानंतर तीन दिवस कमी दहा वर्षांनी. कायदा नेहमी असा मागाहून चालत आला. लोकांनी सवय आधी बदलली.

५

तरीही सवय बदलली की सारे मिळते, असे कुणी म्हणत असेल तर त्याने काठेवाडातील एका शिक्षकाचे पत्र वाचावे. ते गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त १२ डिसेंबर १९२९ रोजी छापले गेले आणि बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ते उद्धृत केले. पत्र लिहिणारा अस्पृश्य होता, शिकलेला होता, शाळेत शिकवीत होता. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. रदबदली करून, फी देऊन तो आला तो बाईला न शिवण्याच्या अटीवर. त्याने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने ते परत आले. डॉक्टरने दुरूनच न्यूमोनियाचे निदान केले. ती बाई वाचली नाही.

या घरात कोणती सवय कमी होती? शिक्षण होते, नोकरी होती, औषधावर विश्वास होता, डॉक्टरला बोलावण्याची समज होती. कमी होती ती डॉक्टरकडे. म्हणून आरोग्यासाठी वृत्ती बदलण्याचा प्रश्न निघेल, तेव्हा कुणाची वृत्ती, असे आधी विचारले पाहिजे.

हाच मुद्दा बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेला जाताना ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून अ. वि. ठक्कर यांना लिहिलेल्या पत्रात मांडला. ठक्कर तेव्हा अस्पृश्यता निवारणासाठी नव्याने स्थापन झालेल्या संघाचे सरचिटणीस होते. बाबासाहेबांच्या म्हणण्याचा आशय असा : अस्पृश्याच्या दुःखाचे कारण त्याच्या वैयक्तिक दुर्गुणांत आहे असे मानणारे लोक दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये असे सद्‌गुणवर्धनाचे कार्यक्रम काढतात. पण कारण भोवतालच्या परिस्थितीत असेल, तर सगळी शक्ती पाणवठे, शाळा, रस्ते यांवरचा हक्क मिळवण्यात आणि रोजगाराची समान संधी मिळवण्यात लावली पाहिजे. त्यांनी दुसरा मार्ग धरण्याचा आग्रह केला. पाच वर्षांपूर्वी महाडला स्त्रियांना लुगडे बदलायला सांगणाराच माणूस हे लिहितो आहे, यात मला विसंगती दिसत नाही. आपल्या माणसांनी आपापसात ठरवलेला बदल हा स्वाभिमान असतो. तोच बदल वरून हक्काची अट म्हणून आला, की तो उपकाराचा सौदा होतो.

कायद्याच्या सभागृहातही त्यांनी हेच सूत्र धरले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार एकट्या बाईने का सोसावा, असा त्यांचा मुद्दा होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे विवेचन बाबासाहेबांचे होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथे स्वच्छता, मुलांचे शिक्षण, लग्नाची घाई न करणे यांवर भर दिला, आणि परिषदेने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा व भरपाई असे ठराव केले. घरातली सवय आणि कारखान्यातला हक्क पुन्हा एकाच मांडवात.

६

इथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. पण अभिमानाने इतिहास पुरा होत नाही.

महारांनी ढोर ओढणे सोडले, ते रास्तच केले. परंतु ज्या जातींना ते सोडता आले नाही, किंवा ज्यांचा कातड्याचा धंदाच होता, त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी राहिली? मेहतर, भंगी, मांग, ढोर यांच्या वस्तीबद्दल बोलताना आपल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी तेच शब्द येतात, जे कालपर्यंत आपल्याविषयी वापरले जात होते. शहराच्या वसाहतीत घर झालेला आपला बांधव गावची वस्ती दाखवायला मित्राला नेत नाही. सवय बदलणे म्हणजे घृणेची एक पायरी वर चढणे, असा अर्थ झाला तर महाडच्या तळ्याचे पाणी आपल्याला पचले नाही, असेच म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट, सुधारणेचा भार स्त्रीवर टाकून पुरुष मोकळा झाला. ती पायघोळ नेसली, तिने दागिने टाकले, चुलीवरचे मांस नाकारले, मुलीला शाळेत घातले. पुरुषाने काय टाकायचे होते? बावीस प्रतिज्ञांपैकी एक मद्यपान न करण्याची आहे. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी घेतली. आज जयंतीच्या दिवशी वस्तीत किती जण ती पाळतात, हे वाचकांनीच पाहावे. दारूबद्दल बोलताना गुत्त्याचा परवाना देणारे सरकार, उचल देऊन मजुराला बांधून ठेवणारा मुकादम, गटारात उतरण्याआधी नशा केल्याशिवाय वास सहन न होणारा कामगार, या सगळ्यांविषयी बोललेच पाहिजे. पण तेवढे बोलून झाल्यावर रात्री घरी मार खाणाऱ्या बाईला काय सांगणार? बाबासाहेबांनी तिला १९२७ सालीच वाढू नको असे सांगितले होते. तिच्या पाठीशी उभे राहणे हा आपल्या संघटनांच्या कार्यक्रमाचा भाग अजून झालेला नाही.

७

हा इतिहास जुना झाला असे वाटत असेल, तर अलीकडच्या घटनांकडे पाहू. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी उघड्या रस्त्यावर मारले. उत्तर म्हणून सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कचेरीसमोर आणून टाकली आणि ती उचलण्यास नकार दिला. महाडच्या परिषदेचा ठराव, तुमची जनावरे तुम्ही पुरा, नव्वद वर्षांनी दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा उभा राहिला.

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. शौचालय हवे, याबद्दल दुमत नाही. उघड्यावर बसण्याची सर्वात मोठी शिक्षा आपल्याच बायकांना भोगावी लागते. पण २५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातील भावखेडी गावात उघड्यावर शौचास बसली म्हणून दोन दलित मुले काठ्यांनी ठार मारली गेली. त्यांच्या घरी शौचालय नव्हते. स्वच्छतेचा उपदेश जातीच्या हातात काठी देतो तो असा. आणि बांधलेल्या शौचालयांच्या टाक्या कोण उपसतो? हाताने मैला उचलण्यावर १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंदी आली. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. कायदा बंदी घालतो आणि न्यायालयाला मृत्यूची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणूस अजून गटारात उतरवला जातो आहे.

२०२० च्या साथीत साऱ्या देशाला वारंवार हात धुण्यास आणि ‘सामाजिक अंतर’ राखण्यास सांगण्यात आले. हात धुण्याचा सल्ला शास्त्राला धरून होता. परंतु ज्या वस्तीत चार दिवसांनी टँकर येतो, तिथे तो सल्ला पाण्यावाचून पोहोचला. आणि सामाजिक अंतर या शब्दाचा अनुभव ज्यांना हजारो वर्षे आहे, त्यांच्या कानाला तो कसा लागला असेल, याचा विचार शब्द योजणाऱ्यांनी केला नाही. शारीरिक अंतर म्हटले असते तरी रोगाला अडवता आले असते.

आरोग्याच्या कामात पडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, कार्यकर्त्यांना या इतिहासातून एक साधी रीत मिळते. वस्तीत तंबाखू, दारू, बालविवाह, लसीकरण, बाळंतिणीचा आहार यांपैकी कोणताही विषय घेऊन जाल, तेव्हा एकटा उपदेश घेऊन जाऊ नका. बाळंतिणीला काय खावे ते सांगताना तिच्या रेशनकार्डावर धान्य मिळते का, ते विचारा. हात धुवायला सांगाल त्या दिवशी नळाच्या अर्जावर सह्याही घ्या. निर्णय सभेत होऊ द्या आणि त्या सभेत बायांना पुढे बसवा. पुरुषांनी काय सोडायचे, हेही त्याच सभेत ठरू द्या. ज्यांनी अजून सवय बदललेली नाही त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलू नका, कारण ती सवय कुठून आली हे तुम्हांला ठाऊक आहे.

तळ्यावर गेलेल्या माणसांना तहान लागली होती म्हणून ते गेले नव्हते, हे खरे. पण पाणी त्यांनी प्याले, हेही तितकेच खरे आहे. हक्काचे पाणी आणि पिण्याचे पाणी त्यांनी वेगळे केले नाही. आपणही करू नये.